अळसांद्याच्या मुळांवरच्या गाठी : गोव्यात पहिल्यांदा जिवाणू संवर्धक वापरणाऱ्यांसाठी

जिवाणू संवर्धकाचे (कडधान्याच्या मुळांवर गाठी करणाऱ्या जिवंत जिवाणूंच्या भुकटीचे) पाकीट विकत घेण्याआधी मुळे बघायला शिका. या लेखातला माझा मुख्य आग्रह हाच आहे. पाकीट कोणते, किती, कसे लावायचे हे सगळे पुढे सांगतोच. पण ज्याला मूळ वाचता येत नाही त्याला पाकिटाने काही केले की नाही हे कधीच कळत नाही, आणि तो दरवर्षी श्रद्धेने काळी भुकटी बियाण्याला चोळत राहतो.

सरद (पावसाळी) भात कापून झाले की पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांत खेर (मधल्या उंचीच्या) जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर अळसांदे, मूग, कुळीथ पेरतात. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी वडिलोपार्जित शेताकडे वळलेले अनेक जण सुरुवात अळसांद्यापासूनच करतात. पाणी बेताचे लागते, राखण फारशी नाही, आणि तोणाक (रस्साभाजी) घरच्या दाण्याचे झाले तर त्याची मजाच वेगळी. हा लेख अशांसाठी. अळसांदा म्हणजे मोठ्या दाण्याची चवळीच, त्यामुळे चवळीला जे लागू ते याला लागू.

मुळाशी नेमके काय चालते

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण झाडाला तो तसाच घेता येत नाही. द्विदल पिकाची मुळे मातीत काही रसायने सोडतात. त्यांच्या मागावर रायझोबियम गटातले जिवाणू येतात आणि आपले रसायन सोडून उत्तर देतात. मग मुळावरचा केस वाकडा होतो, त्यातून जिवाणू आत शिरतात आणि मुळावर गाठ उभी राहते. गाठीत राहून ते हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल अशा रूपात आणून देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. गाठींमुळेच कडधान्यांना हवेतला नायट्रोजन मिळतो हे हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये मांडले आणि १८८८ मध्ये बायजेरिंक या डच शास्त्रज्ञाने गाठीतला जिवाणू वेगळा काढून वाढवला.

साखर झाडाने स्वतः कष्टाने केलेली असते, ती ते फुकट वाटत नाही. मातीत युरिया भरपूर असेल तर झाड गाठी करायच्या भानगडीतच पडत नाही. नवखा माणूस एका हाताने संवर्धक लावतो आणि दुसऱ्या हाताने युरिया फेकतो, तेव्हा पहिल्या हाताचे काम वाया जाते.

पायरी पहिली : एक रोप खणून बघा

तुमच्या शेतात आधीच कडधान्य असेल तर तिथले, नसेल तर शेजाऱ्याला विचारून त्याच्या मेरेकडचे (बांधाकडचे) एक रोप घ्या. वेळ महत्त्वाची आहे. पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात गाठी दिसू लागतात, पण खरी परीक्षा पाचव्या-सहाव्या आठवड्यात, फुले यायच्या सुमारास. शेंगा भरू लागल्या की गाठी थकतात आणि मग दिसते त्यावरून चुकीचा निष्कर्ष निघतो.

रोप हिसकून उपटू नका. अर्ध्या गाठी जमिनीत तुटून राहतात आणि तुम्हाला वाटते की नव्हत्याच. खोडापासून वीतभर अंतर सोडून गोल खणा, मातीच्या गोळ्यासकट रोप उचला आणि बादलीभर पाण्यात अर्धा तास ठेवा. माती आपोआप सुटते. नळाची जोराची धार मारू नका.

आता ब्लेडने चार-पाच गाठी मधोमध कापा. आतला रंग गुलाबी किंवा रक्तासारखा लाल असेल तर गाठ कामात आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातल्या. नायट्रोजन बांधणारे विकर (एन्झाइम) ऑक्सिजनने बिघडते, पण जिवाणूंना श्वास घ्यायला ऑक्सिजन तर हवाच. हे प्रथिन तो मोजून-मापून पोचवते. कापल्यावर आत पांढरे दिसले तर गाठ एक तर कोवळी आहे किंवा फुकटी. हिरवट-तपकिरी असेल तर म्हातारी.

जागाही बघा. सोटमुळाच्या वरच्या भागात थोड्याच पण ठसठशीत गाठी असणे चांगले. त्याचा अर्थ जिवाणूंनी रोपाला लवकर गाठले. बारीक बारीक पांढऱ्या गाठी दूरच्या उपमुळांवर शेकड्यांनी विखुरलेल्या असतील तर संख्या बघून खूश होऊ नका, त्या बहुधा निकामी जातीच्या असतात.

एक फसगत मात्र ओळखायला हवी. सूत्रकृमींमुळेही (मातीतल्या सूक्ष्म, दोऱ्यासारख्या कृमींमुळे) मुळांवर गाठी येतात, विशेषतः रेताड जमिनीत आणि जिथे आधी भेंडी किंवा वांगी होती तिथे. जिवाणूची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, नखाने अलगद सुटते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेले असते. ती सोडवायला गेलात तर मूळ तुटते. ही दिसली तर संवर्धकाचा विचार बाजूला ठेवून आधी पीक बदला.

पायरी दुसरी : पाकीट हवे की नको ते ठरवा

चवळी या बाबतीत फार चोखंदळ नाही. उष्ण प्रदेशातल्या पुष्कळ जमिनींत तिला चालणारे जिवाणू आधीपासून असतात, आणि मूग, उडीद, कुळीथ, तूर, भुईमूग यांच्या गाठी करणारे जिवाणू साधारण त्याच गटातले. म्हणून ज्या खेरात वर्षानुवर्षे अळसांदे होतात आणि खणून पाहिल्यावर लाल गाठी भरपूर सापडतात, तिथे पाकिटाने मोठा फरक पडेल अशी आशा धरू नका.

पाकीट जिथे खरोखर उपयोगी पडते त्या जागा वेगळ्या. बरीच वर्षे पड राहिलेली किंवा नुकतीच झाडोरा काढून मोकळी केलेली जांभ्याची जमीन. घर बांधताना मुरूम-भराव घातलेला परसू. मोरडावरची (उंचावरच्या जमिनीतली) आंबट माती. गच्चीवरच्या कुंड्यांत विकतची माती आणि कोकोपीट. आणि मुळे बघितल्यावर जिथे गाठी नाहीत किंवा सगळ्या पांढऱ्या निघाल्या ती प्रत्येक जमीन. सोयाबीन किंवा हरभरा पेरायची हौस असेल तर त्यांचे जिवाणू पूर्ण वेगळे आहेत, तेव्हा त्या त्या पिकाचे पाकीट लागेलच. चवळीचे पाकीट हरभऱ्याला लावणे म्हणजे नुसती भुकटी लावणे.

पायरी तिसरी : आधी जमीन, मग जिवाणू

गोव्यातली जांभ्याची माती आम्ल असते, आणि माझ्या मते इथे संवर्धक फसण्याचे सगळ्यात मोठे कारण हेच. सामू (पीएच) ५ च्या आसपास किंवा त्याखाली असेल तर जिवाणू तग धरत नाहीत, मुळाला चिकटत नाहीत. शिवाय अशा मातीतले लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) घट्ट धरून ठेवतात आणि मॉलिब्डेनम झाडाला मिळेनासे होते. नायट्रोजन बांधणाऱ्या विकराला मॉलिब्डेनमच लागते. म्हणजे एका आंबटपणाने तीन बाजूंनी कोंडी होते.

त्यामुळे माती तपासून घ्या. शेतात आठ-दहा ठिकाणी १५ सेंटीमीटर खोलीपर्यंत इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करून कडेची माती घ्या, सगळी एकत्र मिसळा, सावलीत वाळवा आणि अर्धा किलो पिशवीत भरा. शेणखताच्या ढिगाखालची, बांधालगतची, झाडाच्या सावलीतली माती नको. नमुना कुठे द्यायचा ते तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात सांगतात. जुन्या गोव्याला एला येथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तिच्या कृषी विज्ञान केंद्रातही विचारपूस करता येते.

सामू कमी आला तर चुनखडीची पूड किंवा डोलोमाइट अहवालात सांगितलेल्या प्रमाणात, पेरणीआधी दोन-तीन आठवडे मातीत मिसळा. भाजलेला किंवा विरवलेला चुना, मग तो शिंपल्याचा का असेना, बियाण्याच्या जवळ येऊ देऊ नका. तो जिवाणू जाळतो.

नत्र (खतातला नायट्रोजन) थोडेच द्या. कडधान्यांना हेक्टरी २० ते २५ किलो नत्र आणि ५० किलोच्या आसपास स्फुरद ही सर्वसाधारण शिफारस आहे. ते थोडे नत्र गाठी कामाला लागेपर्यंत रोपाला पुरावे एवढ्यासाठी. स्फुरदात मात्र काटकसर करू नका, त्याशिवाय गाठी पोसत नाहीत. आम्ल जमिनीत रॉक फॉस्फेटही हळूहळू लागू पडते.

पाण्याचे दोन शब्द. भात काढल्यावर ज्या खेरात पाणी रेंगाळते तिथे उंच वाफे करा, कारण पाण्यात बुडालेल्या मुळांना हवा मिळत नाही आणि गाठींनाही. खाजनाच्या (खाडीकाठच्या खारट जमिनीच्या) नादी लागू नका. पावसात धुतले गेलेले मीठ पाऊस संपला की पुन्हा वर येते, आणि कोणतेही पाकीट अळसांद्याला त्या मिठातून तारून नेत नाही.

पायरी चौथी : पाकीट घेताना

संवर्धक ही जिवंत वस्तू आहे. दुकानात ते शोकेसमध्ये उन्हात मांडलेले दिसले तर तिथून घेऊ नका, मग ते कितीही नावाजलेले असो. पाकिटावर चार गोष्टी वाचा : जिवाणूचे नाव, कोणत्या पिकासाठी, बनवल्याची तारीख, वापराची शेवटची तारीख. जिवाणू खते २००६ पासून केंद्राच्या खत नियंत्रण आदेशाखाली येतात. त्यानुसार भुकटीच्या संवर्धकात दर ग्रॅममागे किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असायला हवेत आणि द्रवरूपात दर मिलीलिटरमागे १० कोटी. हा आकडा छापलेला नसेल तर पाकीट परत ठेवा. मुदत अजून आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. बनवून महिनाभर झालेले आणि मुदत संपायला आठवडा उरलेले पाकीट यांत पुष्कळ फरक असतो.

घरी नेताना ते स्कूटरच्या डिकीत टाकून बाजार फिरू नका. दुपारच्या उन्हात उभ्या गाडीची डिकी जिवाणूंना मारायला पुरेशी तापते. घरात माठाशेजारी, काळोख्या गार कोपऱ्यात ठेवा. फ्रीजचा खालचा कप्पा चालेल, बर्फाचा कप्पा नको.

पायरी पाचवी : बियाण्याला लावणे

प्रमाण सोपे आहे : १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचे एक पाकीट. परसापुरते किलोभर बियाणे असेल तर २५ ग्रॅम.

आदल्या दिवशी लिटरभर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ घालून उकळा आणि पूर्ण गार होऊ द्या. कोमटही नको. उकळल्याने नळाच्या पाण्यातले क्लोरिनही निघून जाते. विहीर असेल तर तिचेच पाणी घ्या. गुळाने भुकटी बियाण्याला चिकटते आणि जिवाणूंना सुरुवातीची शिदोरी मिळते.

पेरणीच्या दिवशी सकाळी बियाणे स्वच्छ गोणपाटावर सावलीत पसरा. किलोभर बियाण्याला गुळाचे पाणी ४०–५० मिलीलिटर पुरते. अळसांद्याचे साल पातळ. जास्त पाणी झाले की सुरकुतते आणि सुटते, मग उगवण घटते. पाण्यात भुकटी कालवून ते बियाण्यावर शिंपडा आणि हलक्या हाताने वरखाली करा. प्रत्येक दाण्यावर पातळ काळा थर दिसला की थांबा. चोळू नका. मग सावलीतच अर्धा-पाऊण तास सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. उद्यावर ढकलावेच लागले तर गार जागी ठेवा, पण २४ तासांच्या पुढे नाही.

स्फुरद विरघळवणारे जिवाणू, दुकानात ज्याला पीएसबी म्हणतात, तेही याच वेळी याच प्रमाणात मिसळता येतात. आपल्या जांभ्याच्या जमिनीत, जिथे स्फुरद अडकून पडतो, तिथे दोन्ही एकत्र लावावेत असे मला वाटते.

बुरशीनाशक लावायचे असेल तर क्रम पाळा : आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सगळ्यात शेवटी जिवाणू. बियाणे आधीच रंगीत औषध लावून आले असेल तर ते धुवायच्या भरीस पडू नका. त्याऐवजी संवर्धक चाळलेल्या, निवालेल्या शेणखतात मिसळा, पोते ओले करून झाकून रात्रभर ठेवा आणि पेरताना सरीत बियाण्याखाली द्या. ताजे, गरम शेण मात्र वापरू नका.

पेरणी संध्याकाळकडे करा आणि बी लगेच मातीने झाका. उन्हात उघड्या पडलेल्या बियाण्यावरचे जिवाणू फार वेळ जगत नाहीत.

पायरी सहावी : दोन सऱ्या तशाच सोडा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. शेताच्या मधल्या भागातल्या दोन सऱ्यांत संवर्धक न लावलेले बियाणे पेरा आणि दोन्ही टोकांना काठी रोवून खूण करा. हे बियाणे आधी पेरा, नाहीतर हाताला लागलेले जिवाणू तिथेही पोचतात. बाकी खत, पाणी, भांगलण सगळे सारखेच. पाचव्या आठवड्यात दोन्हीकडची पाच-पाच रोपे खणा, गाठी कापा, रंग बघा. काढणीला दोन्हीकडच्या शेंगा वेगळ्या वजन करा. फरक नसेल तर पुढच्या वर्षी पाकिटाचे पैसे वाचवा. असेल तर लावत राहा.

पायरी सातवी : काढणीला मुळे जमिनीतच ठेवा

शेंगा तोडून झाल्यावर वेल मुळासकट उपटून बांधावर टाकायची सवय आपल्याकडे आहे. त्याने मुळांतला आणि गाठींतला नायट्रोजन बाहेर जातो. त्याऐवजी विळ्याने जमिनीलगत कापा. पाला गुरांना द्यायचा तर द्या, पण मग शेण त्याच शेतात परत आणा. कडधान्याने जमीन सुपीक होते असे म्हणतात ते निम्मेच खरे. बांधलेल्या नायट्रोजनचा मोठा वाटा दाण्यातून तुमच्या ताटात येतो. शेतात उरतो तो मुळे, पाला आणि गळलेल्या पानांतला.

गाठींच्या पलीकडचे काही

डोळे एकदा या गोष्टीला सरावले की गोव्यात बाकीची बिऱ्हाडेही दिसू लागतात. मिरामारला किंवा पेडण्यातल्या केरीच्या किनाऱ्यावर सुरूची झाडे निव्वळ रेतीत कशी वाढतात? सुरू कडधान्याच्या कुळातली नाही, पण तिच्या मुळांवर फ्रँकिया नावाच्या वेगळ्याच जिवाणूच्या, पोवळ्यासारख्या फुटव्यांच्या गाठी असतात, आणि नायट्रोजन त्या पुरवतात. घरी सुरू लावायची तर जुन्या सुरूखालची मूठभर माती रोपाच्या खड्ड्यात घालणे हा साधा उपाय आहे.

भाताला गाठी येत नाहीत. त्याच्या मुळांच्या आसपास आणि थोडे आत ॲझोस्पिरिलम हा जिवाणू राहतो. लावणीआधी तरव्याच्या जुड्या बांधून मुळे अर्धा तास त्याच्या पाण्यात बुडवायची, एवढेच काम. नायट्रोजनइतकाच, कदाचित जास्त, फायदा मुळे जोमाने फुटण्याचा होतो. अझोला (पाण्यावर तरंगणारे नेचे) हवा असेल तर त्याच्या पानांच्या पोकळीत निळे-हिरवे जिवाणू आधीच असतात, वेगळे काही घालावे लागत नाही.

कुळागर (माड-पोफळीची बाग) असेल तर माड-पोफळीची मुळे खाणारी हुमणी ही अळी तुम्हाला ठाऊकच आहे. तिच्यावर सोडतात ते मित्र-सूत्रकृमी एकटे मारेकरी नसतात. आधी सांगितलेले मुळे सुजवणारे सूत्रकृमी वेगळे, हे वेगळे. स्टाइनरनेमा आणि हेटेरोऱ्हॅब्डायटिस हे सूत्रकृमी आपल्या आतड्यात जिवाणू घेऊन फिरतात, अळीच्या अंगात शिरून ते सोडतात आणि अळी बहुधा दोन दिवसांत मरते. हेटेरोऱ्हॅब्डायटिसने मेलेली अळी विटकरी रंगाची होते आणि अंधारात मंद चमकतेही. हे सोडायचे ते ओल्या जमिनीत, सूर्य मावळताना. कोरड्या मातीत ते चालूच शकत नाहीत.

सगळेच भाडेकरू सज्जन नसतात. वांगी, मिरची, टोमॅटोची हिरवीगार रोपे दुपारी माना टाकतात, पाणी घातले तरी सावरत नाहीत आणि पाने पिवळी न पडताच मरतात, तेव्हा संशय राल्स्टोनिया या मातीतल्या जिवाणूचा घ्या. खोडाचा बोटभर तुकडा कापून काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात टोक बुडेल असा धरा. काही मिनिटांत दुधट धागे खाली उतरू लागले तर तोच रोग. त्यावर फवारणी करून हाती काही लागत नाही. रोप मुळासकट काढून जाळा, कंपोस्टात टाकू नका, आणि त्या वाफ्यातले कुदळ-फावडे धुतल्याशिवाय दुसऱ्या वाफ्यात नेऊ नका. त्या जागी निदान दोन-तीन वर्षे वांगी, मिरची, टोमॅटो, बटाटा नको. पावसात पाणी साचवता येत असेल तर भात घ्या, नाहीतर मका.